शायनी आणि रूपभेद (प्राणी पकडण्याच्या व्हिडिओ गेममधील)

काल्पनिक प्राणी पकडून ते पाळण्याच्या आणि लढवण्याच्या खेळांत एकाच जातीचा प्राणी कधी निराळ्या रंगात, तर कधी निराळ्या अंगकाठीत भेटतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरे या सगळ्याला सरसकट 'रेअर' म्हणून मोकळी होतात. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'शायनी' हा निव्वळ नशिबाचा भाग असतो. त्याचा रंग तेवढा बदलतो, ताकद तीच राहते. 'रूपभेद' किंवा 'फॉर्म' ठरावीक प्रदेशात अथवा अटींवर मिळतो आणि त्यात प्राण्याचा प्रकार, चाली, उंचीसुद्धा बदलू शकते. दुर्मीळ असतो तो शायनी. रूपभेद पुष्कळदा त्या प्रदेशात ढिगाने सापडतो.

शायनीची सुरुवात 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या जोडखेळापासून झाली. जपानमध्ये तो २१ नोव्हेंबर १९९९ रोजी आला. प्रत्येक प्राण्याला हल्ला, बचाव, वेग आणि 'स्पेशल' यांसाठी ० ते १५ मधला एकेक गुप्त आकडा मिळे. शेवटचे तिन्ही नेमके १० आणि हल्ल्याचा आकडा ठरलेल्या आठांपैकी एक, असे जुळले की रंग बदले. हिशेब केला तर हे ८,१९२ मध्ये एकदा घडते. इतकी वाट कोण पाहणार, म्हणून कथेतच एका तळ्यावर 'गॅराडोस' नावाचा प्राणी शायनी, म्हणजे लाल रंगात, हमखास भेटेल अशी सोय केली होती. बहुतेकांचा पहिला शायनी तोच.

याच पोकेमॉन मालिकेतल्या २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय'पासून हे प्रमाण ४,०९६ मध्ये एक झाले. म्हणजे ४,०९६ प्राणी पाहिले की एक मिळणारच, असे मात्र नाही. तेवढे पाहूनही हात हलवत परतण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. निम्मी खात्री हवी तर साधारण २,८४० प्राणी पाहावे लागतात. 'इतके झाले, आता निघेलच' हा मटक्याच्या आकड्यावरचा हिशेब इथेही फसतो, कारण मागचे प्राणी पुढच्याला काही सांगून ठेवत नाहीत. इतके करून हाती लागणारा रंग नेहमी पाहण्यासारखा असतोच असेही नाही. काळा चॅरिझार्ड आणि सोनेरी मॅजिकार्प उठून दिसतात. शायनी गेंगार मात्र नेहमीच्या गेंगारशेजारी ठेवला तरी ओळखायला डोळे ताणावे लागतात.

वंशवाढीचा भाग सर्वांत रंजक आहे. 'गोल्ड-सिल्व्हर'मध्ये रंग त्या गुप्त आकड्यांवर ठरे आणि आकडे काही अंशी पिल्लाकडे जात. त्यामुळे आईबापांपैकी एक शायनी असेल तर पिल्लू शायनी निघण्याची शक्यता ६४ मध्ये एक इतकी वाढे. प्रत्यक्ष निसर्गाच्या जवळ जाणारा हाच एक टप्पा. खानापूरच्या जंगलाला लागून असलेल्या भीमगड आणि काळी या रानांच्या पट्ट्यातले उदाहरण घ्यायचे तर काळ्या बिबट्याचे घेता येईल. ती वेगळी जात नव्हे. बिबट्यात काळ्या रंगाचे जनुक अप्रभावी असते. ते आई आणि बाप दोघांकडून आले तरच पिल्लू काळे होते, आणि उन्हात नीट पाहिले तर त्याच्या अंगावरचे ठिपके दिसतात. पुढे 'रूबी' आणि 'सॅफायर' (२००२) मध्ये शायनीचा आनुवंशिकतेशी संबंध तोडण्यात आला. रंग आता प्राण्याचा स्वतःचा क्रमांक आणि खेळाडूचा क्रमांक यांच्या मेळावर ठरू लागला.

२००६ च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मध्ये एक मजेशीर वाट आली. ती हे खेळ बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीत तेव्हा असलेले जुनिची मासुदा यांच्या नावाने 'मासुदा पद्धत' म्हणून ओळखली जाते. जोडीतले दोन प्राणी वेगवेगळ्या भाषांतल्या खेळांतून आलेले असले, उदाहरणार्थ एक जपानी आणि एक इंग्रजी, तर अंड्यातून शायनी निघण्याची शक्यता काही पटींनी वाढते. 'एक्स-वाय'नंतर ती सुमारे ६८३ मध्ये एक आहे आणि 'शायनी चार्म' ही खेळातली वस्तू हाती असल्यास ५१२ मध्ये एक. बाजारात मराठी, शाळेत कन्नड आणि टीव्हीपुढे हिंदी अशा घरांत वाढलेल्या सीमाभागातल्या खेळाडूला हा नियम आपल्यासाठीच केल्यासारखा वाटेल. अडचण एवढीच की मुख्य मालिकेच्या भाषांत मराठी किंवा कन्नड तर नाहीच, हिंदीही नाही.

रूपभेदांना २०१६ च्या 'सन' आणि 'मून'पासून उधाण आले. तिथल्या अलोला बेटांवर आगीचा व्हल्पिक्स बर्फाचा होतो आणि एरवी दोन मीटरचा एक्झेगटर उन्हात वाढून १०.९ मीटरचा. मियाउथला अलोला आणि गालार अशी दोन प्रादेशिक रूपे आहेत. याला उत्परिवर्तन म्हणणे चुकीचे. हवापाण्याशी जुळवून घेणे हीच खेळाने दिलेली सबब आहे. स्पिंडाच्या ठिपक्यांच्या तर चार अब्जांहून अधिक मांडण्या होतात, आणि व्हिव्हिलॉन फुलपाखराची नक्षी खेळाडू जगाच्या कोणत्या भागात आहे त्यावर ठरते. त्यातल्या एका नक्षीचे नाव 'मान्सून' आहे.

सीमाभागात हा छंद रस्त्यावर दिसतो तो मोबाइलवर, बाहेर फिरत खेळायच्या 'पोकेमॉन गो'मुळे. हा खेळ भारतात डिसेंबर २०१६ मध्ये जिओच्या साथीने आला. त्यात देवळे, पुतळे, जुन्या वास्तू यांनाच खेळातले थांबे केलेले असतात. त्यामुळे कमल बस्ती आणि सफा मशीद एकाच तटबंदीत असलेल्या बेळगावच्या किल्ल्यासारखी जागा चालत खेळायला सोयीची. जांबोटी-कणकुंबीकडे आधी रेंज शोधावी लागते. नकाशावर शायनी ओळखू येत नाही. प्राण्यावर बोट ठेवले की चमचम होते आणि मगच कळते. एकाच प्राण्यावर दोघे मित्र बोट ठेवतात, एकाला नेहमीचा भेटतो आणि दुसरा ओरडतो, 'निघाला की रे शायनी!' दोघांचा फासा वेगवेगळा पडतो, हे नवख्याला पटवणे कठीण जाते. पावसात शायनी जास्त निघतात, असाही समज आहे. खेळातल्या पावसाने पाण्याचे, विजेचे आणि किड्यांचे प्राणी वाढतात, त्यांची पातळीही चढते. शायनीचे प्रमाण मात्र हलत नाही. ते खरोखर वाढते 'कम्युनिटी डे' या खेळातल्या खास दिवशी, बहुधा दुपारी २ ते ५ या वेळेत, मग बाहेर एप्रिलचे ऊन असो की आषाढाची झड.

'गो'मध्ये प्राण्यांच्या अदलाबदलीसाठी सर्वसाधारणपणे दोघे १०० मीटरच्या आत हवेत. कागलचा आणि निपाणीचा खेळाडू कोगनोळी नाक्याच्या आसपास भेटले तर मधली राज्याची हद्द खेळ मोजत नाही. शायनीची अदलाबदल 'खास' धरली जाते आणि ती दिवसाला साधारण एकच करता येते. घेणाऱ्याकडे तो शायनी आधी नोंदलेला नसेल, तर खेळातल्या नव्या मैत्रीत १०,००,००० 'स्टारडस्ट' (खेळातले चलन) मोजावे लागते. मैत्री पूर्ण मुरली की हाच दर ४०,००० वर येतो.