पेड न्यूज

निवडणुकीच्या काळात रोख रक्कम किंवा अन्य मोबदला घेऊन जो मजकूर जाहिरात म्हणून न छापता बातमी, मुलाखत किंवा विश्लेषण म्हणून प्रसिद्ध केला जातो, त्याला पेड न्यूज म्हणतात. भारतीय प्रेस परिषदेची व्याख्या याच आशयाची असून तिच्यात मुद्रित व इलेक्ट्रॉनिक अशी दोन्ही माध्यमे येतात. विशिष्ट पक्षाकडे उघडपणे झुकलेले संपादकीय मत एकांगी असले तरी पेड न्यूज ठरत नाही. मजकुरामागे छुपा व्यवहार असणे ही तिची खूण होय.

हा व्यवहार बहुधा ‘पॅकेज’च्या स्वरूपात ठरतो. उमेदवाराच्या प्रचारफेरीचे वृत्त, त्याची मुलाखत, त्याला मिळणाऱ्या पाठिंब्याच्या बातम्या आणि कधी कधी प्रतिस्पर्ध्याला अजिबात जागा न देणे, एवढे सारे त्यात येऊ शकते. असा मजकूर लक्षपूर्वक वाचणाऱ्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. बातमीला वार्ताहराचे नाव नसते, विरोधी बाजू एका ओळीनेही येत नाही, आणि एकाच पानावर शेजारी शेजारी दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांचा विजय निश्चित असल्याचे सांगितलेले आढळते.

महाराष्ट्रात हा प्रश्न २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर ऐरणीवर आला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. वेगवेगळ्या वार्ताहरांच्या लेखणीतून एकच परिच्छेद उतरणे शक्य नसल्याने हा पुरावा अतिशय बोलका होता. पुढे याच प्रकरणात निवडणूक खर्चाच्या हिशेबाचा खरेपणा तपासण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये मान्य केला. मात्र आयोगाने त्यानंतर चव्हाण यांच्याविरुद्ध दिलेला आदेश त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. प्रेस परिषदेने नेमलेल्या परंजॉय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने २०१० मध्ये या प्रकाराचा सविस्तर अहवाल दिला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती, परंतु परिषदेने आधी त्याची संक्षिप्त आवृत्तीच स्वीकारली, ही गोष्ट वृत्तपत्रसृष्टीला भूषणावह नव्हती.

भारतीय कायद्यात पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७७ नुसार उमेदवाराने निवडणूक खर्चाचा खरा हिशेब ठेवावा लागतो आणि कलम १०क नुसार तो विहित रीतीने सादर न केल्यास तीन वर्षांसाठी अपात्रता येऊ शकते. आयोगाची कारवाई याच वाटेने होते. जिल्हा पातळीवरील माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती संशयित मजकूर तपासते, निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला नोटीस देतो आणि पेड न्यूज सिद्ध झाल्यास जाहिरातीच्या दराने काढलेली रक्कम त्याच्या खर्चात धरली जाते. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २००७ च्या निवडणुकीतील अशाच लपवलेल्या खर्चावरून आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये अपात्र ठरवले. तेथे लपवलेला खर्च तेव्हाच्या खर्चमर्यादेच्या तुलनेत अगदी किरकोळ होता.

या व्यवस्थेत हिशेब दुरुस्त होतो, पण मतदाराची झालेली दिशाभूल भरून निघत नाही, कारण मजकूर पैशांचा होता हे ठरेपर्यंत मतदान उरकलेले असू शकते. शिवाय व्यवहार रोखीने, पावतीविना होतो. देणारा आणि घेणारा दोघेही गप्प राहतात, म्हणून समितीला मजकुराच्या स्वरूपावरूनच निष्कर्ष काढावा लागतो आणि न्यायालयात तो टिकवणे कठीण जाते. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात पेड न्यूजला निवडणूक गुन्हा ठरवण्याची शिफारस केली, परंतु ती कायद्यात उतरलेली नाही.