समुद्री गवत : किनारी समुद्राच्या अन्नजाळ्यातली भूमिका

समुद्री गवत म्हणजे सीग्रास, उथळ खाऱ्या पाण्यात कायम बुडून राहणारी सपुष्प वनस्पती. हे शैवाल नाही. याला खरी मुळं, वाळूखालून आडवं पसरणारं खोड, पानं, फुलं, बिया सगळं असतं. जातींचा आकडा ६० ते ७२ असा वेगवेगळा दिला जातो, कारण रुप्पियासारख्या निमखाऱ्या पाण्यातही राहणाऱ्या वनस्पती यात धरायच्या की नाही यावर एकमत नाही. नाव गवत असलं तरी जमिनीवरच्या गवताशी जवळचं नातं नाही. पूर्वज जमिनीवरून पाण्यात आणि तिथून समुद्रात गेले, तेही किमान तीन वेळा वेगवेगळे, साधारण ७ ते १० कोटी वर्षांपूर्वी असं मानतात. अंटार्क्टिका सोडला तर प्रत्येक खंडाच्या किनाऱ्याला त्याची कुरणं आहेत.

ही कुरणं भरपूर अन्न तयार करतात यात वाद नाही, पण ते अन्न प्राण्यांच्या पोटात नेमकं कोणत्या वाटेने जातं यावर शंभरेक वर्षं वाद चालू आहे आणि या विषयातलं बरंचसं संशोधन त्या वादातूनच उभं राहिलंय. वाटा मुख्यतः तीन. हिरवं पान थेट खाल्लं जाणं, पान गळून कुजल्यावर तो गाळ खाल्ला जाणं, आणि पानावर वाढणारं बारीक शैवाल खरवडून खाल्लं जाणं.

कुजलेल्या पानांची बाजू पहिल्यांदा जोरात मांडली ती डॅनिश जीवशास्त्रज्ञ योहानेस पीटरसन यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. डेन्मार्कच्या समुद्रतळावरचे प्राणी मोजताना त्यांचं मत असं झालं की झोस्टेरा मरीना या गवताचा चुरा हाच तिथल्या तळाच्या प्राण्यांचा आणि पर्यायाने माशांचा मुख्य आधार आहे. १९२८ मध्ये ते वारले आणि पुढच्या काही वर्षांतच त्यांच्या मताची परीक्षा आपोआप झाली. १९३० नंतर उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर एका रोगाने हे गवत झपाट्याने मेलं, बऱ्याच ठिकाणी ९० टक्क्यांपर्यंत. लॅबिरिंथुला नावाच्या सूक्ष्मजीवाला त्यासाठी जबाबदार धरतात, त्या जातीला नाव मात्र १९९१ मध्ये मिळालं, आणि पाणी गरम होणं किंवा उजेड कमी पडणं हेही कारणांत असावं असं काहींचं म्हणणं आहे. पीटरसन बरोबर असते तर डेन्मार्कची मासेमारी बसायला हवी होती, आणि ती तशी बसली नाही. त्यामुळे त्यांचं मत बरंच मागे पडलं. पण हा निकाल जरा घाईचा वाटतो, कारण तळाच्या गाळात साठलेला जुना चुरा लगेच संपत नाही आणि रिकाम्या जागी दुसरं शैवालही वाढतं, तेव्हा मासे टिकले म्हणजे गवताचा उपयोगच नव्हता असं ठरत नाही.

शिवाय ज्यांचं पोट थेट गवतावर होतं त्यांचे हाल झालेच. हिवाळ्यात हेच गवत खाणारे ब्रँट हंस अटलांटिक किनाऱ्यावर एकदम कमी झाले. लोटिया अल्वियस ही या गवताच्या पानावरच राहणारी छोटी लिंपेट गोगलगाय कायमची गेली, शेवटची नोंद १९२९ ची आणि ती नामशेष झाल्याचं १९९१ मध्ये मांडलं गेलं. निमखाऱ्या पाण्यात थोडं गवत वाचलं होतं पण तिला तसं पाणी सोसत नव्हतं, म्हणून तिथेही ती टिकली नाही.

पुढे कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी जास्त वजनाच्या अणूंचं, तंत्र आलं आणि वाटलं आता उत्तर मिळेल. समुद्री गवतात कार्बन १३ या जड अणूचं प्रमाण तुलनेने जास्त, सरासरी मूल्य (ठरलेल्या मानकापासूनचा फरक) उणे १० ते उणे ११ प्रतिसहस्र, समशीतोष्ण समुद्रातल्या वनस्पती प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालाचं, उणे २० ते उणे २२ च्या आसपास. प्राण्याच्या स्नायूत काय सापडतं त्यावरून त्याने काय खाल्लं ते कळावं अशी कल्पना. अडचण अशी की पानावरच्या शैवालाचं मूल्य बऱ्याचदा या दोघांच्या मधे पडतं, त्यामुळे एखाद्या कोळंबीत उणे १६ आलं तर तिने नुसतं ते शैवाल खाल्लं की अर्धं गवत आणि अर्धं प्लवक हे एकट्या कार्बनवरून सांगता येत नाही. मग गंधकाचे समस्थानिकही बघायला लागले, कारण गवताची मुळं चिखलातला सल्फाइड घेतात आणि शैवाल व प्लवक समुद्राच्या पाण्यातला सल्फेट, तिथे फरक स्पष्ट दिसतो. मेदाम्लांचाही आधार घेतात. या सगळ्यातून पानावरच्या शैवालाची बाजू बरीच भक्कम झाली, लहान गोगलगाई आणि अँफिपॉड, आयसोपॉड हे कोळंबीच्या गोतातले बारीक कवचधारी प्राणी यांचं अन्न मोठ्या प्रमाणात तेच असतं असं अनेक ठिकाणी दिसलं. आज बहुतेक अभ्यासक मिश्र उत्तर देतात, प्रमाण जागेनुसार बदलतं, आणि तेच जास्त पटतं.

गवत थेट कमी खाल्लं जाण्यामागे त्याची घडण आहे. पानात तंतू जास्त, फिनॉल गटाची रसायनं असतात, आणि नायट्रोजन कमी, कार्बन नायट्रोजनचं प्रमाण साधारण २० ला १, प्लवकात ते ६ किंवा ७ ला १ असतं. जुन्या ग्रंथांत थेट चराई १० टक्क्यांच्या आतच असते असं छापलेलं असायचं. पण हे मोजमाप झालं तेव्हा मोठे चरणारे प्राणी माणसाने आधीच मारून टाकले होते. कॅरिबियनमध्ये हिरवी कासवं युरोपीय लोक येण्याआधी आजच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होती असं आता मानलं जातं, तेव्हा आज दिसणारं उंच न चरलेलं कुरण ही मूळ स्थिती समजणं चूक ठरेल. हे मत गेल्या काही दशकांत वजनदार झालंय आणि या नोंदीतही तेच जास्त ग्राह्य धरलंय.

हिरवं कासव एकच तुकडा पुन्हा पुन्हा कुरतडतं म्हणजे तिथे कोवळी पानं येत राहतात, ज्यात प्रथिनं जास्त आणि लिग्निन हे पचायला जड द्रव्य कमी. डुगाँग म्हणजे समुद्रगाय, हा सस्तन प्राणी मुळासकट उपटून खातो, दिवसाला ३० किलोच्या वर ओला चारा. ऑस्ट्रेलियाच्या मोरटन बे मध्ये डुगाँगांच्या कळपांनी चरलेल्या भागात हॅलोफिला ओव्हॅलिससारखं पचायला सोपं गवत वाढलेलं दिसलं, म्हणजे चरणारा स्वतःच्या चाऱ्याची निवड घडवतो. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाच्या खाजणात मात्र उलट अनुभव आला, तिथे कासवं इतकी जमली की कुरणं खुरटली, गवतातले मासे कमी झाले, आणि मच्छीमारांनी आपल्या घटलेल्या माशांचा दोष कासवांवर ठेवला. चरणारे परत आले की सगळं सुरळीत होतं असं नाही, त्यांना खाणारे शार्कही हवेत. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे मध्ये टायगर शार्कच्या भीतीने डुगाँग धोक्याच्या भागात कमी चरतात हे चांगलं अभ्यासलं गेलंय.

वरून खाली येणारा हा परिणाम लहान प्राण्यांतही चालतो. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉड मासा घटला तसे छोटे भक्षक मासे वाढले, त्यांनी अँफिपॉड आयसोपॉड संपवले, मग पानावरचं शैवाल खरवडायला कोणी उरलं नाही आणि त्यात शेतीतून आलेलं खत, गवत त्या शैवालाखाली गुदमरलं. कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लू मध्ये समुद्री ऊदमांजरं परतल्यावर त्यांनी खेकडे खाल्ले, खेकड्यांपासून वाचलेल्या आयसोपॉड आणि समुद्री गोगलगाईंनी पानं साफ ठेवली, आणि पाण्यात खताचा भार असूनही गवत वाढलं. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यावरून दिसतं की पानाची सफाई करणारे हे नखाएवढे प्राणी आख्ख्या कुरणाचा तोल सांभाळतात, आणि गवत वाचवायचं तर माशांच्या प्रश्नापासून ते वेगळं काढता येत नाही.

चिखलाखाली अजून एक वाट आहे. मुळांना घातक असा सल्फाइड ल्युसिनिड शिंपल्यांच्या कल्ल्यातले जिवाणू वापरतात, त्यावर शिंपला जगतो, गवताचं विष कमी होतं, आणि मुळांतून झिरपणारा ऑक्सिजन शिंपल्याला मिळतो. २०१२ पासून याकडे जास्त लक्ष गेलं. मासे आणि कोळंबीची पिल्लं या कुरणांत वाढतात ही गोष्ट तर सर्वांना माहीतच आहे.

तयार झालेल्या अन्नाचा मोठा भाग कुरणाबाहेरही जातो. वाहून गेलेली पानं किनाऱ्यावर ढीग करून साचतात आणि त्यावर अँफिपॉड, माश्यांच्या अळ्या नि त्यामागे पक्षी जगतात. काही पानं खोल समुद्राच्या तळापर्यंत पोचतात आणि तिथले सी अर्चिन ती खातात. माणूस या जाळ्यात बहुतेक मासे खाणारा म्हणूनच येतो, अपवाद मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातल्या सेरी लोकांचा, ते झोस्टेरा मरीनाचं बी गोळा करून भाजून दळून खात असत, समुद्रातलं धान्य म्हणून वापरल्याचं हे बहुधा एकमेव नीट नोंदलेलं उदाहरण.