सोव्हिएत छायाचित्रांतील खाडाखोड

सोव्हिएत संघात, विशेषतः स्टालिनच्या राजवटीत, मर्जीतून उतरलेल्या माणसांना छापील छायाचित्रांतून पुसून टाकण्याची रीत. जुन्या पुस्तकांतून व चित्रांतून सोव्हिएत इतिहास वाचणाऱ्याने ती ओळखायला शिकावे. चित्रातून कोण गायब आहे, यावरून ती प्रत साधारण कधीची हे बऱ्याचदा ठरते.

काम हाताने चाले. निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढत. नको असलेल्या आकृतीवर एअरब्रशने अपारदर्शक रंग फवारत आणि मागची भिंत, पाणी किंवा गर्दी बारीक कुंचल्याने पुन्हा रंगवत. कधी दुसऱ्या प्रिंटचा तुकडा कापून तिथे चिकटवत. मग या सगळ्याचा पुन्हा फोटो घेऊन नवी निगेटिव्ह करत. वर्तमानपत्राच्या ठिपक्यांच्या छपाईत जोड बुजून जाई, चांगल्या प्रिंटवर तो उघडा पडे. रंगवलेल्या जागी फिल्मचा कण, म्हणजे चित्रातला बारीक दाणेदारपणा, दिसत नाही, सावली चुकीच्या बाजूला पडते, शेजाऱ्याच्या खांद्याची कड चाकूने कापल्यासारखी येते. मात्र माणूस दिसत नाही म्हणजे खाडाखोडच झाली, असे नव्हे. छायाचित्रकार एकाच प्रसंगाच्या अनेक चौकटी टिपतो, किंवा कडेचा माणूस नुसता कातरलेला असतो. म्हणून दोन प्रती शेजारी ठेवून गर्दीतली डोकी जुळवावीत; ती तंतोतंत जुळली तरच संशय पक्का.

मॉस्को–व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी चालणारा गृहखात्याचा कमिसार निकोलाय येझॉव्ह हे ठळक उदाहरण. १९३९ मध्ये त्याला अटक झाली, १९४० मध्ये गोळी घातली. नंतरच्या प्रतींत त्याच्या जागी फक्त कठडा आणि पाणी आहे.

सगळीच खाडाखोड माणसे काढण्यासाठी नव्हती. सोव्हिएत छायाचित्रकार येव्गेनी खाल्देई याने २ मे १९४५ रोजी बर्लिनच्या राइश्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, लाल झेंड्याचे चित्र टिपले. झेंडा त्याने मॉस्कोहून शिवून आणला होता. झेंडेकऱ्याला आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. लुटीचा संशय नको म्हणून उजव्या मनगटावरचे खरवडून काढले. आकाशातला धूरही गडद केला.

घरातल्या पुस्तकांवर लोक स्वतःच शाई फिरवत, कारण राजवटीने ‘लोकशत्रू’ ठरवलेल्याचे चित्र जवळ सापडणे धोक्याचे. सोव्हिएत उझबेकिस्तानच्या दहा वर्षांवरचा १९३४ चा अल्बम कलावंत अलेक्सांदर रॉदचेंको याने सजवला होता. पुढे तिथले नेते स्टालिनच्या ‘शुद्धीकरणात’, म्हणजे अटका आणि देहदंडांच्या मोहिमेत, सापडले, तेव्हा त्याने स्वतःच्या प्रतीतले त्यांचे चेहरे काळ्या शाईने बुजवले. ती प्रत नंतर ब्रिटिश संग्राहक डेव्हिड किंग यांच्या पाहण्यात आली. एअरब्रशची सफाई तिच्यात नाही, म्हणूनच ती अधिक बोलते.

विश्वकोशही सुटला नाही. १९५३ मध्ये स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेल्या लाव्हरेंती बेरियाचा पाडाव झाल्यावर ‘महान सोव्हिएत विश्वकोशा’च्या वर्गणीदारांना प्रकाशनसंस्थेकडून पत्र गेले: पाचव्या खंडातली २१ ते २४ ही पाने आणि बेरियाचे चित्र कात्रीने किंवा ब्लेडने कापा, बांधणीजवळ पट्टी सोडा, सोबतची नवी पाने तिला चिकटवा. नव्या पानांत वर्णक्रमाने जवळच येणाऱ्या बेरिंग समुद्राला ऐसपैस जागा मिळाली. आज हा खंड हाती आला तर प्रथम ती पट्टी शोधावी.