घरी पाठवलेल्या पैशांवर कर लागतो का?

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागात, जिथली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर विखुरली आहेत, एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: खात्यात वर्षाला ५० हजारांच्या वर पैसे आले की आई-वडिलांना कर बसतो, म्हणून रोखच पाठवा.

५० हजारांची मर्यादा खरी आहे, गोंधळ तिथूनच होतो. पण ती नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेल्या रकमेला आहे. आयकर कायद्याच्या व्याख्येत आई-वडील, नवरा-बायको, मुलं, भाऊ-बहीण ही सगळी नातेवाईकच. मुलानं कमावून घरखर्चाला पाठवलेली रक्कम आईचं उत्पन्न ठरत नाही. तिनं त्याची ठेव केली, तर व्याज मात्र उत्पन्नात धरतात.

उलट जोखीम रोखीत आहे. एका दिवसात एकाच माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, देणारा पोटचा मुलगा असला तरी. आणि एसटीत पिशवी गेली तर पुरावा कुठून आणायचा?

नातेवाईकांची यादी आयकर विभागाच्या संकेतस्थळावर वाचता येते. पासबुक वेळच्या वेळी भरून घ्या. पैसे कुणाकडून आले ते त्यात दिसतं.