पानांत सोमल साठवणारा नेचा

लाकडाला वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून त्यात तांबे, क्रोमियम आणि अर्सेनिक (म्हणजेच सोमल) यांच्या संयुगांचे द्रावण मुरवण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ होती. अशा एका बंद पडलेल्या कारखान्याच्या फ्लोरिडातील आवारात, अर्सेनिकने दूषित झालेल्या मातीतही, झाडोरा वाढत होता. फ्लोरिडा विद्यापीठातील लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या १४ वनस्पती तपासल्या, आणि टेरिस विटाटा हा नेचा त्यांत अगदी वेगळा निघाला. प्रयोगासाठी त्यांनी किलोमागे १,५०० मिलिग्रॅम अर्सेनिक मिसळलेल्या मातीत हा नेचा लावला, तेव्हा सहा आठवड्यांत त्याच्या पानांच्या सुक्या वजनातले अर्सेनिक किलोमागे २२,६३० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दोन टक्क्यांहून वर गेले. हे निष्कर्ष २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

वनस्पती म्हणून हा नेचा मुळीच दुर्मीळ नाही. मूळचा आशियातला असलेल्या या नेच्याला चुना मानवतो, त्यामुळे महाराष्ट्रातही जुन्या विहिरींच्या आणि ओलसर दगडी बांधकामाच्या फटींतून तो डोकावताना दिसतो. लांब पानाच्या दोन्ही अंगांना फितीसारख्या अरुंद पर्णिका असतात, त्या बुडाकडे आखूड होत जातात, आणि पर्णिका उलटी करून पाहिली तर दुमडलेल्या कडेखाली बीजाणूंची तपकिरी रेघ दिसते.

अर्सेनिक मुळांत शिरते ते फॉस्फेटच्या वाटेने. हवेशीर मातीत ते बहुतांशी अर्सेनेटच्या रूपात असते, आणि अर्सेनेटची घडण फॉस्फेटशी इतकी मिळतीजुळती असते की फॉस्फेट आत घेणारी मुळांची प्रथिने त्यालाही आत घेतात. पेशीत गेल्यावर ते ऊर्जेच्या देवघेवीत फॉस्फेटच्या जागी बसते, पण त्यातून तयार होणारी संयुगे टिकत नाहीत, लगेच मोडतात, आणि पेशीची ऊर्जा वाया जाते. बहुतेक वनस्पती अर्सेनेटचे रूपांतर अर्सेनाइटमध्ये करतात, ते गंधकयुक्त रेणूंना जखडून ठेवतात आणि शक्यतो मुळांतच अडवतात.

टेरिस विटाटाची रीत याच्या उलट आहे. तोही अर्सेनेटचे अर्सेनाइट करतो, पण ते मुळांत न अडवता पानांकडे पाठवतो, आणि पानांत त्याचा फारच थोडा वाटा गंधकयुक्त रेणूंना बांधलेला सापडतो. यातली नवलाची गोष्ट अशी की अर्सेनाइट हे अर्सेनेटपेक्षाही जहाल असते, कारण ते प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटून त्यांचे काम बंद पाडते. म्हणजे हा नेचा विषाचा उतारा करत नाही, त्याची जागा तेवढी बदलतो. पेशीच्या मधोमध रिक्तिका नावाची पाण्याने भरलेली मोठी पिशवी असते. अर्सेनाइट तिच्यात ढकलले गेले की पेशीच्या उरलेल्या कारभाराशी त्याची गाठ पडत नाही.

हे ढकलण्याचे काम करणारे प्रथिन अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये ओळखले. एसीआर३ नावाचे हे प्रथिन रिक्तिकेच्या पडद्यात बसलेले असते. त्याचे जनुक निष्प्रभ केले की नेच्याची बीजाणूपासून उगवलेली कोवळी पिढी अर्सेनाइटपुढे टिकाव धरत नाही. शेवाळी आणि सूचिपर्णी वृक्ष यांच्यातही या जनुकाचे भाऊबंद आहेत, सपुष्प वनस्पतींत मात्र ते नाहीत. पुढे नेच्यातले हे जनुक ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात घातल्यावर त्याचीही अर्सेनिक सोसण्याची ताकद वाढली.

एवढा खटाटोप नेचा का करतो, याचे एक संभाव्य उत्तर किडींकडे आहे. अर्सेनिकने भरलेली पाने टोळ खाण्याचे टाळतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी या नेच्याची लागवड चीनमधील हुनान प्रांतात झाली, आणि वॉशिंग्टनच्या स्प्रिंग व्हॅली या वस्तीतही झाली, जिथे पहिल्या महायुद्धाच्या काळात रासायनिक अस्त्रांच्या चाचण्या होत असत. पाने कापायची, नवी फुटू द्यायची, पुन्हा कापायची, अशी ही रीत आहे. माती खणून वाहून नेण्यापेक्षा ती स्वस्त पडते हे खरे, पण तिला वर्षे लागतात, कडक थंडीत नेचा तग धरत नाही, आणि मुळे पोचतात तेवढ्याच खोलीपर्यंत तिचा उपयोग होतो. कापलेली पाने तर घातक कचराच असतात. ती जागेवर कुजू दिली तर अर्सेनिक पुन्हा मातीत उतरते, आणि उघड्यावर जाळली तर त्याचा काही भाग धुराबरोबर हवेत जातो.

बंगालमधल्या भातशेतीचा प्रश्न याहून अवघड आहे. तिथे भूजलातच अर्सेनिक असल्यामुळे, कूपनलिकांच्या पाण्याबरोबर ते दर हंगामात नव्याने शेतात येते. त्यामुळे सिंचनाच्या पाण्याची सोय दुसरीकडून केल्याखेरीज नुसत्या नेच्याच्या भरवशावर तिथली शेते स्वच्छ होतील, असे मला वाटत नाही.