ट्रान्सफॉर्मर ऑइल

हाय व्होल्टेज उपकरणांत इन्सुलेशन आणि कूलिंग दोन्हीसाठी भरतात ते तेल, बहुतेक ठिकाणी क्रूडपासून काढलेलं मिनरल ऑइलच. गावातल्या डीपीत (खांबावरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरात) पंप-बिंप काही नसतो, वाइंडिंगजवळचं (आतल्या तारांच्या गुंडाळीजवळचं) गरम तेल आपोआप वर चढतं आणि बाजूच्या ट्यूबांमधून गार होत खाली येतं. रेल्वे इंजिनात मात्र जागा कमी नि लोड जास्त, म्हणून तिथे तेलाला पंप आणि ब्लोअर दोन्ही लागतात. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक झाला, त्यामुळे असली इंजिनं आता रत्नागिरी-सावंतवाडीकडेही धावतात.

कोकणात या तेलाची खरी दुश्मनी पाण्याशी. टेस्टला तेल कपात घेऊन २.५ मिमी अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये व्होल्टेज वाढवत नेतात, स्पार्क पडला तो आकडा म्हणजे बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज). नवीन तेलाला निदान ३० केव्ही (म्हणजे ३० हजार व्होल्ट) हवा, नीट फिल्टर केलं की ७० च्या वर जातो, आणि ओलावा व कचरा शिरला की धाडकन खाली. पाणी शिरतं कुठून? दिवसा तेल फुगतं, रात्री आकसतं आणि बाहेरची हवा ओढून घेतं, म्हणून त्या वाटेवर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचा ब्रीदर बसवतात. निळी जेल गुलाबी झाली की ती ओली झाली, आणि जून ते सप्टेंबर ती किती लवकर गुलाबी होते ते इथल्या कुठल्याही वायरमनला विचारा! तापवली की परत निळी होते, पण वेळेवर काढायला तर हवी. बरं तेल फिल्टर तरी करता येतं, वाइंडिंगवरचा कागद एकदा कुजला की गेलाच, आणि बहुतेक ओलावा जाऊन बसतो त्या कागदातच.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर बुखहोल्झ रिले असतो (१९२१ चा जर्मन शोध), आत फॉल्ट होऊन गॅस सुटला की तो आधी अलार्म देतो, जोरात असेल तर ट्रिप, म्हणजे सप्लायच तोडतो. तेलात विरघळलेले गॅसही तपासतात, ॲसिटिलीन सापडला तर आत आर्किंग (ठिणग्या उडणं) चालू आहे असं धरून चालायचं.

पूर्वी पेट घेत नाही म्हणून मिनरल ऑइलऐवजी पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) भरायचे, पण ते विषारी आणि वर्षानुवर्षं न विघटणारं, २००१ च्या स्टॉकहोम करारात त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. स्विचगिअरमधला (वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांतला) एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) गॅसही इन्सुलेशनला झकास, फक्त हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त तापवतो.

हल्ली वनस्पती तेलाचं एस्टर येतंय. महाग आहे, पण फायर पॉइंट (ज्या तापमानाला तेल पेटून जळत राहतं तो) ३०० अंशांच्या वर आणि मिनरल ऑइलपेक्षा कितीतरी जास्त ओलावा पचवतं, म्हणजे आपल्याकडच्या हवेला बरंच. फक्त उघड्या हवेत ते हळूहळू घट्ट होतं, त्यामुळे टाकी सीलबंदच लागते.