पोलीस, गुन्हे आणि नागरिकत्वाच्या धोरणावर विधिमंडळ-संसदेकडे अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

ठाण्यात आपली तक्रार घेतली नाही, ही एक गोष्ट. जिल्ह्यात तशा तक्रारी घेतल्याच जात नाहीत, ही दुसरी. पहिलीसाठी पोलीस अधीक्षक, न्यायदंडाधिकारी आणि न्यायालय आहे. दुसरीसाठी विधिमंडळ आणि संसद आहे, आणि तिथे सामान्य माणसाला थेट अर्ज करता येतो. मराठवाड्यात या दुसऱ्या वाटेचा वापर फार कमी होतो. जे अर्ज जातात त्यांतले बरेच पहिल्या प्रकारचे असतात, म्हणून छाननीतच बाजूला पडतात. त्यामुळे ही माहिती सविस्तर देतो आहे.

एक उदाहरण घेऊनच पुढे जाऊ. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज भागातल्या मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. हंगामात हिशेबावरून वाद होतो आणि परजिल्ह्यातून, कधी कर्नाटकातून, घरी फोन येतो की कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, डांबून ठेवलंय. घरचे जवळच्या ठाण्यात धावतात आणि ठाणे अंमलदाराकडून ऐकून येतात, "हद्द आमची नाही, तिकडं जा."

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यायची असते. यालाच आपण शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवणं म्हणतो. खबरीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ठाण्याने नाकारलं तर तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माणूस खरोखर डांबलेला असेल तर आधी ११२ला फोन करा, वेठबिगारीचा संशय असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जा. विधिमंडळ किंवा संसदेत असे अर्ज बघणाऱ्या समितीच्या कामाला महिने लागतात. जीव अडकलेला असताना तिकडे अर्ज करत बसू नका.

समितीकडे न्यायचा प्रश्न वेगळा आहे: कायदा लागू झाल्यावर आपल्या जिल्ह्यात शून्य क्रमांकाने किती गुन्हे नोंदले, किती योग्य हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग झाले, आणि "हद्द आमची नाही" हे उत्तर अजून का मिळतं?

राज्याचं की केंद्राचं?

अर्ज चुकीच्या सभागृहाकडे गेला की सगळी मेहनत वाया जाते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत आहेत. नागरिकत्व, परकीय व्यक्ती, देशात प्रवेश आणि हद्दपारी, पारपत्र, व्हिसा हे विषय संघसूचीत येतात. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, आहेत. म्हणून ठाण्यांचं मनुष्यबळ, गस्त, तपासातली दिरंगाई, पोलीस वसाहती याबद्दल मुंबईच्या विधान भवनाकडे जायचं. नव्या संहितेतल्या तरतुदीबद्दल, परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीबद्दल किंवा नागरिकत्वाच्या पुराव्याबद्दल काही म्हणायचं असेल तर दिल्लीकडे.

काही प्रश्न मात्र दोन्हीकडे पाय ठेवून असतात. ऊसतोडीच्या फडात, बैलगाडीशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जन्मलेल्या पोराची जन्मनोंद बऱ्याचदा ना गावात असते ना कारखान्याच्या गावात. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा केंद्राचा आहे, पण तो राबवते राज्याची यंत्रणा. २०२५मध्ये बांगलादेशी घुसखोरीच्या चर्चेत उशिरा होणाऱ्या जन्मनोंदींचे नियम राज्यात कडक झाले. त्या कडकपणात आपल्या तांड्यावरची, वाडीवरची माणसं अडकू नयेत, हे सांगण्यासाठी दोन वेगळे अर्ज लिहावे लागतात. दोन्ही विषय एकाच अर्जात कोंबू नका.

राज्यात: विनंती अर्ज आणि आमदारांमार्फत प्रश्न

विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांना स्वतंत्र विनंती अर्ज समिती आहे. अर्ज सभागृहाला उद्देशून लिहायचा आणि आमदाराच्या प्रतिस्वाक्षरीने सादर करायचा. समितीला विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावता येतं, कागद मागवता येतात, आणि तिचा अहवाल सभागृहापुढे जातो.

आमदार कोणता? मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत विधानसभेचे ४६ मतदारसंघ आहेत. शिवाय विधान परिषदेत विभागाच्या पदवीधर मतदारसंघाचा आणि शिक्षक मतदारसंघाचा प्रत्येकी एक सदस्य असतो. आपले आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांकडे जा. पक्ष बघत बसू नका. विरोधी बाकावरचा आमदार अशा विषयाला अनेकदा जास्त वेळ देतो.

विनंती अर्जाच्या आधी किंवा बरोबरीने त्याच आमदारांना तारांकित प्रश्नाचा मसुदा द्या. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं. आकडेवारी हवी असेल तर अतारांकित पुरतो. तातडीचा सार्वजनिक विषय असेल तर लक्षवेधी सूचना मांडता येते. डिसेंबर २०२४च्या नागपूर अधिवेशनात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या आणि परभणीतला कोठडीतला मृत्यू हे दोन्ही विषय सभागृहात गाजले आणि न्यायालयीन चौकशीची घोषणा तिथेच झाली. मराठवाड्यातल्या पोलीस कारभाराचा जाब सभागृहात विचारला जाऊ शकतो हे त्या आठवड्यात साऱ्या राज्याने पाहिलं. पण त्यासाठी दरवेळी कुणाचा तरी जीव जावा लागू नये, म्हणून हे साधे अर्ज महत्त्वाचे आहेत.

मंत्र्यांनी उत्तरात "सूचना देण्यात येतील", "चौकशी करण्यात येईल" असं म्हटलं की ते आश्वासन ठरतं. त्यासाठी वेगळी आश्वासन समिती आहे. उत्तराची तारीख आणि नेमकं वाक्य टिपून ठेवा. पुढच्या अधिवेशनाआधी त्याच वाक्याचा हवाला देऊन समितीला आणि आमदारांना पत्र लिहा. बहुतेकांचा पाठपुरावा इथेच थांबतो, आणि खरं काम इथेच असतं.

दिल्लीत: गृह समिती आणि याचिका समिती

संसदेत विभागवार स्थायी समित्या १९९३पासून आहेत. आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत. गृह मंत्रालयावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचं काम राज्यसभा सचिवालयातून चालतं. ती मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते, तिच्याकडे आलेली विधेयकं बघते आणि स्वतः विषय निवडून अहवाल देते. पोलीस प्रशिक्षण व सुधारणा, तुरुंगांची अवस्था, सायबर गुन्हे यांवर तिचे अहवाल आलेले आहेत. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण सरकारला त्यांवर काय केलं ते कळवावं लागतं.

नागरिक सुरक्षा संहितेसह तीन नव्या फौजदारी कायद्यांची विधेयकं ऑगस्ट २०२३मध्ये याच समितीकडे गेली. नोव्हेंबरमध्ये तिचे अहवाल आले, त्यानंतर सरकारने मूळ विधेयकं मागे घेऊन डिसेंबरमध्ये नवी मांडली. परकीय नागरिकांच्या प्रवेश-वास्तव्याबद्दलचं २०२५चं विधेयक मात्र मार्चमध्ये मांडलं गेलं आणि समितीकडे न जाता एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही सभागृहांत मंजूरही झालं. माझ्या मते हे नुकसान आहे, कारण समितीची पायरी वगळली की लोकांना लेखी म्हणणं मांडायची संधीच उरत नाही.

संधी असते तेव्हा ती अशी येते: समिती वर्तमानपत्रांत आणि राज्यसभेच्या संकेतस्थळावर जाहिरात देऊन निवेदनं मागवते. मुदत थोडी असते. निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत द्यावं लागतं. टपालाने किंवा ईमेलने पाठवता येतं, सोबत पुरावे जोडता येतात. समितीपुढे प्रत्यक्ष बोलायची इच्छा असेल तर तसं निवेदनातच लिहावं लागतं. पाठवलेलं निवेदन समितीचं गोपनीय कागदपत्र ठरतं, म्हणून ते समाजमाध्यमांवर टाकू नका. तो सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग होऊ शकतो.

जाहिरातीची वाट न पाहता अर्ज करायचा असेल तर लोकसभा आणि राज्यसभा या दोन्हींकडे याचिका समिती आहे. अर्ज खासदारामार्फत देता येतो किंवा सभागृहाच्या महासचिवांकडे पाठवता येतो.

राज्यातही विधेयकांवर अशी संधी येते. कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा लोकांच्या बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. गुन्ह्याचा तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्यासारखे बदल समितीत झाले आणि जुलै २०२५मध्ये विधेयक मंजूर झालं. बदल पुरेसे होते का, यावर वाद आहेच. पण सूचना पाठवणाऱ्यांची नोंद अहवालाच्या कागदांत राहिली.

कोण पात्र, काय चालत नाही

शिक्षण, उत्पन्न, जात यांची अट नाही. शुल्क नाही, मुद्रांक नाही. अर्ज एकट्याने किंवा अनेकांनी मिळून करता येतो. प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण शेजारी साक्षांकन करणाऱ्याचं नाव व सही असावी.

संसदेचे नियम स्पष्ट आहेत. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा आयोगापुढे असलेला विषय चालत नाही. कायद्यात दुसरा उपाय उपलब्ध असेल तर अर्ज घेतला जात नाही. मुळात राज्याच्या अखत्यारीतला विषय असेल तरीही नाही. भाषा सभ्य आणि संयत हवी. मराठीत लिहिलं तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावर अर्जदाराने सही करायची. आणि ज्यात सगळे चुकतात तो नियम: संसदेच्या याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं वा इतर कागद जोडायचे नसतात. जे सांगायचं ते अर्जाच्या मजकुरातच आलं पाहिजे. राज्यातही साधारण अशाच कसोट्या लावल्या जातात, त्यामुळे एका प्रकरणाची कैफियत लिहू नका. एखाद्या पोलीस कर्मचाऱ्याच्या गैरवर्तनाची तक्रार असेल तर त्यासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे.

कागदपत्रं, आणि ती मिळवायची कशी

अर्जाला कागद जोडायचे नसले तरी हाताशी ठेवावेच लागतात, कारण आमदार-खासदार आणि समितीचे अधिकारी ते मागतात. ओळखपत्राची व पत्त्याच्या पुराव्याची प्रत, ठाण्यात दिलेल्या तक्रारींच्या पोच, अधीक्षक कार्यालयाचे आवक क्रमांक, पोस्टाच्या पावत्या, संस्थेच्या नावाने अर्ज असेल तर ठरावाची प्रत. तोंडी तक्रारीला किंमत नसते. पोच दिली नाही तर त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने पाठवा.

सगळ्यात वजनदार कागद माहिती अधिकारातून मिळतो. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडल्यास शुल्क माफ आहे. राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून असं लिहा: "१ जुलै २०२४पासून आजपर्यंत जिल्ह्यातील प्रत्येक पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंद झालेल्या गुन्ह्यांची संख्या, प्रत्येक गुन्हा ज्या ठाण्याकडे वर्ग झाला त्याचे नाव व वर्ग केल्याची तारीख मिळावी." "का नोंदवले नाहीत" असं विचारू नका. माहिती अधिकारात नोंदीत असलेली माहिती मिळते, कारणमीमांसा मिळत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर वीस रुपयांचा स्टँप लावून प्रथम अपील करा. त्यापुढचं अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जातं.

उत्तरात एखाद्या ठाण्यापुढे शून्य लिहून आलं, आणि त्याच ठाण्यातून परत पाठवलेल्या चार कुटुंबांकडे पोस्टाच्या पावत्या असल्या, तर तुमचा अर्ज उभा राहिला म्हणून समजा.

मजकूर

सुरुवात सभागृहाच्या नावाने. मग अर्जदार कोण ते दोन ओळींत. मग वस्तुस्थिती: कायदा काय सांगतो, अधीक्षक कार्यालयाने काय आकडे दिले, किती गावांत काय घडलं. कुणाच्या हेतूवर शंका घेऊ नका, फौजदाराचं नाव लिहू नका. शेवटी मागणी, आणि ती पूर्ण झाली की नाही हे मोजता आलं पाहिजे. आपल्या उदाहरणात मी ती अशी लिहीन: "तरी सभागृहास विनंती की, ऊसतोड कामगारांच्या तक्रारी हद्दीचे कारण न देता शून्य क्रमांकाने नोंदवून ठरावीक मुदतीत वर्ग करण्याबाबत गृह विभागाने सर्व पोलीस ठाण्यांना लेखी सूचना द्याव्यात, आणि प्रत्येक हंगामाअखेर अशा गुन्ह्यांची जिल्हानिहाय संख्या जाहीर करावी." "न्याय मिळावा" एवढंच लिहिलेल्या अर्जावर समिती काहीच करू शकत नाही.

वेळ

राज्याची अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशनं मुंबईत होतात, हिवाळी नागपुरात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून तारखा जाहीर होण्याची वाट न पाहता मसुदा आमदारांच्या कार्यालयात पोचवा. ऊसतोडीच्या विषयाला हिवाळी अधिवेशन सोयीचं, कारण तेव्हा हंगाम सुरू असतो आणि हिंगोली-नांदेडकरांना मुंबईपेक्षा नागपूर कितीतरी जवळ पडतं. मात्र टोळ्या निघून गेल्यावर सह्या मिळत नाहीत. त्यामुळे माहिती अधिकाराचा अर्ज पावसाळ्यातच टाका, अंगठे आणि सह्या दसऱ्याच्या आत घ्या.